पापडाची सावड

आमच्या घरी सकाळ आठला होत असे. ऊन त्याआधीच ओट्यापर्यंत आलेलं असे, नळ येऊन गेलेला असे आणि समोरच्या घरातल्या पगारेमावशींची दुसरी भाजीही फोडणीला पडलेली असे. पण आई पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून असे, आणि तिची बोटं मुठीत मिटेपर्यंत दिवस सुरू झाला असं आमच्याकडे कुणी धरत नसे. घरात माणसं तीन: आई, दादा आणि मी. दादा म्हणजे माझे वडील. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आईच्या सकाळींसाठी त्यांनी कायमची दुसरी पाळी मागून घेतली होती. दुपारी दोनला ते सायकल काढायचे. त्यामुळे सकाळचा चहा, माझी वेणी आणि पोहे ही त्यांची खाती होती. वेणी फार घट्ट यायची. पोहे पिवळेधमक व्हायचे, कारण हळद किती घालायची याबाबत त्यांचं आणि आईचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

आजार संधिवाताचा होता. उतारवयात गुडघे धरतात तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, तो. तिशी ओलांडल्यावर एका हिवाळ्यात आईची बोटं सकाळी वाकेनाशी झाली, मग मनगटं सुजली, आणि द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बराच वेळ पाहिले. ते म्हणाले, "हे पूर्ण जाणार नाही. पण रोज वाढलंच पाहिजे असंही नाही. हात वापरायचे, छळायचे नाहीत." आईने विचारलं, "वापरणं कुठं संपतं आणि छळणं कुठं सुरू होतं?" डॉक्टर म्हणाले, "ते तुम्हालाच कळेल." घरी येईपर्यंत ती या उत्तरावर हसत होती. फी घेऊन प्रश्न परत दिला, असं तिचं म्हणणं.

दादांनी मात्र तो प्रश्न कारखान्याच्या पद्धतीने सोडवायला घेतला. आईची मूठ कुठवर मिटते हे त्यांनी व्हर्नियर कॅलिपरने मोजलं आणि आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला. आई म्हणाली, "मी काय शाफ्ट आहे का मोजायला?" पण त्या मापावर पुढे घर बदलत गेलं. पळी, झारा, उलथणं, सगळ्यांच्या दांड्यांवर सायकलच्या ट्यूबचे वेढे चढले. नळाच्या चाकीला लांब दांडा आला. तो कोपराने ढकलला की पाणी सुरू. कडीला दोरी, कपाटाच्या खणाला कापडी कान, स्टीलच्या फुलपात्राला दोन्ही बाजूंनी मुठी. घरात आलेला पाहुणा त्या फुलपात्रातून पाणी प्यायचा आणि बक्षीस मिळाल्यासारखा दोन्ही हातांनी धरून बसायचा. ओल्या रबरावर पातेलं घासलं की एक विशिष्ट चुईं आवाज येई. आमच्या स्वयंपाकघराचा तोच आवाज होता. बुद्धविहाराच्या मागच्या आमच्या गल्लीत तो तीन घरांपर्यंत ऐकू जायचा.

जेवण काय होणार हेही आईच्या हातांवर ठरे. दादा सकाळी विचारायचे, "आज काय, मेण का लोखंड?" मेण असेल तर नागलीची भाकरी, काळ्या मसाल्याचं कालवण आणि मिरचीचा ठेचा. लोखंड असेल तर खिचडी. मधल्या दिवसांसाठी आईने 'शिसं' असा एक शब्द काढला होता. त्या दिवशी पीठ मी मळायचे आणि भाकरी ती थापायची, बोटांनी नाही, तळहाताच्या टाचेने. ती भाकरी गोल नसे. दादा तिला नकाशा म्हणायचे आणि पहिला तुकडा कुठल्या तालुक्याचा खायचा हे विचारून घ्यायचे. द्राक्षांच्या हंगामात त्यांचा दिंडोरीचा एक मित्र देठावरून सुटलेल्या मण्यांची पिशवी आणून द्यायचा. ते मणी धुऊन, वाळवून निवडायचं काम आईचं. ते तिला येत असे आणि त्यात तिचं मन रमे.

आता माझेही हात सकाळी उठत नाहीत. औषधं बदलली आहेत, पोटात सुई टोचून घ्यावी लागते आणि तिची आठवण फोन करून देतो. कोमट पाण्याचं पातेलं मात्र तेच आहे. तपासणीला गेलं की तरुण डॉक्टर एक छापील तक्ता पुढे करतात: वेदना किती, झोप किती, आणि 'आजारामुळे कोणकोणत्या कामांतून आपण बाहेर पडलात?' बाकीच्या रकान्यांवर मी लगेच खूण करते. या रकान्यापाशी दर वेळी थोडी थांबते, आणि मला नववीची परीक्षा संपल्यावरचा तो उन्हाळा आठवतो.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात उडदाचे पापड व्हायचे ते सावडीने. आई मूळची सायखेड्याची. हा शब्द तिचा. शेतात जशी सावड असते, आज सगळ्यांनी तुमच्या वावरात राबायचं, उद्या आमच्या, तसंच इथे. सात-आठ बायका रोज एकीच्या घरी जमत. जिच्या घरी पापड, ती आदल्या रात्री पीठ भिजवून ठेवी. सकाळी ते तेल लावून कुटायचं, त्याची लांब वळकटी करायची, दोऱ्याने वळकटीच्या लाट्या कापायच्या. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं आणि लाटत बसायचं. ऊन चढायच्या आत गच्चीवर साड्या अंथरून पापड पडले पाहिजेत, म्हणून सुरुवात सातला. नियम एकच: जी येते, तिच्याकडे जायचं. जी येत नाही, तिच्याकडे जायचं नाही. हा नियम कुणी बोलून दाखवत नसे.

आदल्या वर्षी आई दुखण्याने पडून होती. तरी बायका आमच्याकडे आल्या. त्यांनी पीठ कुटलं, पापड लाटले, वाळवले, डब्यात भरले, जाताना ओटाही पुसला. पलीकडच्या घरच्या निकमकाकू आईच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुम्ही नुसतं पडून राहा हो." आई पडून राहिली. ते पापड वर्षभर आम्ही खाल्ले. तिने एकही खाल्ला नाही. तोंडाला चव नाही, असं सांगायची. या वर्षी फाल्गुन संपता संपता तिने जाहीर केलं की आपल्याकडे यंदा पापड होणार नाहीत.

दादांना हे तांत्रिक अडचणीसारखं वाटलं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून पापडाचं मशीन केलं. लोखंडाच्या दोन गोल तबकड्या, मध्ये बिजागरी, वर हातभर लांब दांडा. मध्ये लाटी ठेवायची, दांड्यावर कोपर टेकायचं, पापड तयार. पहिला पापड खरंच गोल आला. दादांनी तो उजेडाकडे धरला. आई आणि मी वास घेतला.

"अहो, रॉकेलचा वास येतोय."

"येणारच. तबकड्यांना मशीनचं ऑइल होतं. रॉकेलने धुऊन काढलंय."

"आणि रॉकेल कशाने धुतलं?"

दादांनी पापड उन्हात ठेवला. वाळल्यावर वास उडेल, असं त्यांचं मत पडलं. दोन दिवस कडक उन्हात ठेवूनही वास उडाला नाही. भाजल्यावर तो मोकळा झाला. पगारेमावशींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि दारातून बाहेर थुंकला. "फिटरसाहेब," त्या म्हणाल्या, "हा खायचा का बिजागरीला लावायचा?" त्या दिवशी सर्वांत जास्त आई हसली. हसताना ती मनगटं पोटाशी धरायची, कारण टाळी द्यायला हात चालत नसत.

मग निकमकाकूंनी तोडगा काढला. पोरीला पाठवा. तिचे हात ते तुमचेच हात. आई हो म्हणाली. मी तिचं पोळपाट-लाटणं घेऊन पहिल्या दिवशी निकमकाकूंकडेच गेले. माझा पहिला पापड फाटला, दुसरा पोळपाटाला चिकटला, आणि पगारेमावशींनी तिसरा उचलून सगळ्यांना दाखवला, "ही बघा, हिनं चादर केलीया." दुसऱ्या घरी मी निदान हसं करून घेतलं नाही. तिसऱ्या घरी माझा पापड इतरांच्या पापडात ओळखू येईनासा झाला. लाट्या तेलात बुडवून कच्च्या खायला मिळत, त्याही मी मोजक्याच खाल्ल्या, मोठ्या बायकांसारख्या. निघताना निकमकाकू म्हणाल्या, "शाबास. आईची उणीव भासू दिली नाहीस हो."

घरी येऊन मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं सांगायची सवय मला तेव्हापासून आहे. पुढे त्याच सवयीवर माझं पोट चाललं. पण कोणतं वाक्य कुणाला सांगायचं, याचा विचार तेव्हा नव्हता. आई द्राक्षाचे मणी निवडत होती. ती म्हणाली, "असं म्हणाल्या?" आणि निवडत राहिली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती चांगले आणि सडके मणी एकाच ताटात टाकत होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगितलं, "परवा पगारेबाईंकडे मी जाणार आहे."

दादांनी घास थांबवला. "सातला सुरू करतात त्या. तुझे हात आठाशिवाय उठत नाहीत."

"मग मी चारला उठते."

"आई, मी जाते ना," मी म्हणाले. "मला येतं आता."

"तुला येतं म्हणूनच," आई म्हणाली.

मला वाटलं ती माझ्यावर रागावली आहे. ती रागावली नव्हती. गल्लीचं काम तिच्याशिवाय अडत नाही, ही बातमी तिला तिच्याच मुलीने आणून दिली होती, आणि मुलगी ती आणताना खूश होती. आणखी एक उन्हाळा असाच गेला असता तर निकमकाकूंनी मलाच निरोप पाठवला असता, आणि तो उंबऱ्यापाशी घ्यायलाही आई लागली नसती.

त्या पहाटे दादांनी स्टोव्ह पेटवून पाण्याची दोन पातेली ठेवली. आई अंधारात हात बुडवून बसली, पाणी निवलं की दादा बदलत. साडेसहाला त्यांनी विचारलं, "काय?" ती म्हणाली, "शिसं." ते म्हणाले, "शिसं वितळतं लवकर," आणि घरातली एकुलती एक खुर्ची डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडून पगारेमावशींच्या घरात ठेवून आले. आईच्या मागे मी होते. पोळपाट-लाटणं तिने घेतलं नव्हतं. लाटणं तिला जमणार नाही हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिथे जाऊन ती काय करणार आहे, हे मात्र मला वाटतं तिलाही माहीत नव्हतं.

बायकांनी तिला बघितलं आणि सगळ्यांचे आवाज खाली आले. दवाखान्यात भेटीच्या वेळी बोलतात, तितके. "या कमलताई." "खुर्चीवर बसा, खाली नको." "पंखा वाढवा गं." निकमकाकूंनी पाठीला उशी दिली. "तुम्ही नुसत्या गप्पा मारायला बसा. तेवढीच आम्हाला सोबत." आई खुर्चीवर बसली. तिच्या पायांशी सहाजणी जमिनीवर लाटत होत्या. गप्पा मारायच्या तर मान खाली घालून माराव्या लागत होत्या आणि लाटणाऱ्यांना वर बघायला सवड नव्हती. पाऊण तासात तिला दोनदा चहा मिळाला. तिने दुसरा कप तसाच खिडकीत ठेवला. मी लाटत होते. मला ती अशी का आली आहे असं वाटून लाज वाटत होती, हेही इथे लिहून ठेवलं पाहिजे.

लाट्या पगारेमावशी स्वतः कापत. ते काम त्या कुणाला देत नसत. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं मुठीत, मध्ये पिठाची तेलकट वळकटी. दोऱ्याचा फास टाकून ओढला की लाटी खाली. लाट्या सारख्या असल्या तरच पापड सारखे, म्हणून सगळ्या कामाचं माप त्यांच्या अंगठ्याशी होतं. साडेआठच्या सुमाराला गच्चीवरून त्यांच्या सुनेने हाक मारली. वाऱ्याने साडी उडाली होती आणि ओले पापड एकमेकांवर पडले होते. मावशी दोरा टाकून जिन्याकडे धावल्या. चार-पाच मिनिटांत होत्या त्या लाट्या संपल्या. लाटणी थांबली. कुणी पदराने वारा घेऊ लागलं.

आई उठली. खुर्चीवरून जमिनीवर बसणं हे तिच्यासाठी स्वतंत्र काम होतं. एक हात खुर्चीच्या बैठकीवर आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून ती टप्प्याटप्प्याने खाली आली. "अहो कमलताई, काय करताय?" निकमकाकू म्हणाल्या. आईने दोरा बोटांत धरला. तेलाने तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिने थोडा वेळ दोऱ्याकडे पाहिलं. मग तो उजव्या मनगटाभोवती, बांगड्यांच्या वर, तीन वेळा गुंडाळला आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "पलंगाच्या पायाला गाठ मार. पक्की." मी मारली. तिने तळहाताने वळकटी फासात सरकवली आणि बोटं किंवा मनगट न वाकवता कमरेतून मागे झुकली. लाटी पडली. लिंबाएवढी. पुढची सुपारीएवढी. पुढची परत लिंबाएवढी.

बोटांचं काम मनगटाला द्यावं, मनगटाचं खांद्याला, खांद्याचं पाठीला, असं माझ्याकडच्या दवाखान्याच्या एका पत्रकात चित्रांसह छापलेलं आहे. चित्रातली बाई पिशवी उचलते आहे. त्या सकाळी आईला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पगारेमावशी जिना उतरून आल्या तेव्हा वीसेक लाट्या पडल्या होत्या. त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली.

"ह्या लाट्या हायत का काय हायत? एकीचा होईल रुपयाएवढा अन् एकीचा होईल ताटाएवढा! कुणी केलं हे?"

निकमकाकू हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, कमलताईंनी. त्यांना बरं नाही ना..."

"बरं नाय ते हाताला. डोळ्यांना काय झालंय? कमल, माप बघून काप की जरा! माझी लेक सासरी नेणार हाय हे पापड. लय बोलून घ्यावं लागंल मला तिच्या सासूचं."

आईचा चेहरा तापला. दोन वर्षांत तिच्याशी या आवाजात कुणी बोललं नव्हतं. दादाही नाही, डॉक्टरही नाही. मला वाटलं ती रडेल. तिने दोरा मनगटावर घट्ट केला.

"पीठ सैल भिजवलंय तुम्ही," ती म्हणाली. "सैल पीठ दोऱ्याखाली पळतं. त्याला मी काय करू?"

"सैल? माझं पीठ सैल?"

"सैलच. आमच्या सायखेड्याला अशा पिठाच्या शेवया करतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशींनी पीठ बोटाने दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं, आणि सुनेच्या नावाने गच्चीकडे ओरडल्या. मग मूठभर कोरडं पीठ घेऊन वळकटीवर टाकून त्यांनी ती परत कुटायला घेतली, तोंडाने बोलतच, आणि कुटलेली वळकटी आईच्या पुढ्यात आपटली. "घे. आता बघू तुझं माप." बायकांचे आवाज मूळ उंचीवर आले. कुणाच्या तरी जावेचा विषय अर्धवट राहिला होता, तो निघाला, आणि त्यात आईला विचारलं गेलं, कारण त्या जावेचं माहेर सायखेड्याकडचं होतं. आईने सांगितलेलं ऐकून लाटणी थांबली आणि मावशींना पुन्हा ओरडावं लागलं, या वेळी सगळ्यांना मिळून.

लाट्या सारख्या व्हायला अर्धा तास लागला. मध्ये आईने थांबून बोटं झटकली, तेव्हा मावशींनी काही न विचारता गरम पाण्याचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. "बुडव अन् लवकर आटप, पोरी खोळंबल्यात." रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी पोळपाट ठेवलं होतं.

अकराला काम संपलं. उठण्यापूर्वी आईने जमिनीवरूनच सगळ्यांना सांगितलं, "सोमवारी आमच्याकडं. पण आठाच्या आधी नको. माझे हात उठत नाहीत."

"आठ?" मावशी म्हणाल्या. "ऊन काय थांबणार हाय का आठापर्यंत?"

"नाही थांबलं तर गच्चीवर साडी बांधू आडोशाला. आमच्या घरात फिटर आहे, तेवढं तो करेल."

"त्याला मशीन आणू देऊ नको म्हंजे झालं."

गल्ली ओलांडायला आम्हाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दुपारी तिचे हात सुजणार हे तिला आणि मला दोघींना दिसत होतं. पुढचे दोन दिवस खिचडी झाली, आणि डॉक्टरांनी नंतर मनगटाखाली जाड कापड घ्यायला सांगितलं, ते तिने घेतलं. त्या दिवशी घरी पोचल्यावर मात्र ती दाराबाहेरच्या ओट्याच्या कडेला टेकून उभी राहिली. मनगटावर दोऱ्याचे तीन लाल वळ उठले होते, एकमेकांना समांतर, तेलाने चकाकणारे. मी म्हणाले, "चल, हळद लावते."

तिने हात मागे घेतला. आत दादा डबा भरत होते. झाऱ्याचा आवाज येत होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी त्यांना दाखवू दे."